परदेशी रेडिओच्या बातम्या आणि शत्रू देशांची बोलणी: आमच्या गच्चीवर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला रामबागेत आमच्या गच्चीवर दर रविवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ जण रेडिओ लावून बसतो. कॉलेजची पोरं असतात, दोन रिटायर्ड मास्तर असतात, शेजारच्या काकू असतात, मधे सेव-परमलची परात असते आणि एकाच घटनेची बातमी दोन-तीन देशांच्या स्टेशनवर कशी येते ते ऐकायचं एवढंच काम. नवीन आलेला प्रत्येक जण तेच तेच विचारतो, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतोय.

मोबाइल असताना रेडिओवर बातम्या कशाला ऐकायच्या?

मोबाइल आमच्याकडेही आहे की. पण मोबाइलवर तुम्हाला जे आवडतं तेच पुन्हा पुन्हा समोर येतं, आणि रेडिओच्या बुलेटिनला एक क्रम असतो, तो क्रम कुणीतरी बसून ठरवलेला असतो. आपल्याकडे एखाद्या देशाचे परराष्ट्रमंत्री येऊन गेले, आकाशवाणीवर ती पहिली बातमी आणि त्यांच्या स्वतःच्या देशाच्या रेडिओवर ती सहावी, तीही दोन वाक्यांत, तर त्या भेटीला तिकडे किती वजन आहे ते तुम्हाला कुठलाही एक्सपर्ट न ऐकता कळतं. दहा मिनिटांच्या बुलेटिनमध्ये जागा फार थोडी असते, त्यामुळे काय ठेवलं आणि काय गाळलं हे उघडं दिसतं.

रेडिओ फक्त बातमी देतो ना? त्याने डिप्लोमसीवर काय फरक पडतो?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि याचं उत्तर मी नेहमी 1962 च्या ऑक्टोबरपासून सुरू करतो.

क्युबात रशियाने अणुक्षेपणास्त्रं ठेवली, अमेरिकेने समुद्रात नाकेबंदी केली, जग अगदी काठावर आलेलं, आणि अशा वेळी दोन महासत्तांकडे एकमेकांशी पटकन बोलायचं साधनच नव्हतं. 26 ऑक्टोबरला रशियाचा नेता ख्रुश्चेव्ह याने अमेरिकेचा अध्यक्ष केनेडी याला लांबलचक पत्र पाठवलं, ते मॉस्कोतल्या अमेरिकन वकिलातीमार्फत सांकेतिक भाषेत जाऊन वॉशिंग्टनला पूर्ण वाचायला मिळेपर्यंत जवळजवळ बारा तास गेले. इकडे वॉशिंग्टनमधल्या रशियन वकिलातीत तर तार न्यायला तारकंपनीचा पोरगा सायकलवर यायचा, हे त्यांचे राजदूत दोब्रिनिन यांनीच नंतर लिहून ठेवलंय. डोळ्यासमोर आणा, जगाचं काय होणार ते त्या सायकलच्या पिशवीत.

मग 28 तारखेला, रविवार होता, ख्रुश्चेव्हने ठरवलं की आता तारेची वाट बघत बसायचं नाही, उत्तर सरळ रेडिओ मॉस्कोवर वाचून दाखवायचं. वॉशिंग्टनला सकाळचे नऊ, आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. क्षेपणास्त्रं काढून परत नेतो, हे केनेडीला आणि शेतात ट्रान्झिस्टर घेऊन बसलेल्या माणसाला एकाच वेळी कळलं. केनेडीने उत्तरात लिहिलंच, की तुमच्या अधिकृत पत्राची प्रत अजून हातात आलेली नाही, पण रेडिओवरचा संदेश ऐकून लगेच उत्तर देतोय. म्हणजे इथे रेडिओ बातमी देत नव्हता, तोच दूत होता.

पुढच्याच वर्षी 20 जून 1963 ला दोघांनी हॉटलाइनचा, म्हणजे एकमेकांना थेट निरोप पाठवायच्या लाइनचा, करार केला. ती लाल टेलिफोनवाली गोष्ट खरी नाही बरं का, ते टेलिप्रिंटर होतं, लिहून पाठवायचं मशीन.

म्हणजे रेडिओवर जे सांगितलं तेवढाच करार होता?

नाही ना! आणि लोकांची समजूत कशी घडते ते इथेच दिसतं. अमेरिका तुर्कस्तानातली आपली ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढून घेईल, हा शब्द केनेडीच्या भावाने, रॉबर्टने, दोब्रिनिनला खासगीत दिला होता आणि अट ही की बाहेर बोलायचं नाही. रेडिओवर त्यातलं काहीच आलं नाही. ती क्षेपणास्त्रं 1963 च्या एप्रिलपर्यंत गुपचूप निघाली. सगळ्या जगाने मात्र एकच अर्धा भाग ऐकला, की रशिया झुकला, केनेडी जिंकला. दुसरा अर्धा भाग नीट कबूल व्हायला पंचवीसेक वर्षं गेली, 1989 मध्ये केनेडींचे सहकारी सोरेन्सन यांनी मॉस्कोतल्या एका परिषदेत ते मान्य केलं. तोपर्यंत कितीतरी नेते 'केनेडीसारखं ताठ उभं राहा' हा धडा शिकून मोकळे झाले होते, आणि तो धडा अर्धवट ऐकलेल्या बातमीवरचा होता.

म्हणून गच्चीवर आम्ही दर वेळी विचारतो, दोघांच्या बुलेटिनमध्ये एकाने दिलं काय ते आलं, दुसऱ्याने काय दिलं? ते कुठेच आलं नसेल तर बहुतेक ते अजून बाहेर यायचंय.

आपल्याकडचं उदाहरण सांगा की, क्युबा फार लांब आहे.

सांगतो. माझ्या वडिलांची, अण्णांची, एक वही आहे माझ्याकडे. ते कापड गिरणीच्या ऑफिसात होते आणि रात्री घरी आले की मर्फीच्या सेटसमोर बसायचे. वहीत पानाला उभ्या तीन रेघा, वर लिहिलेलं दिल्ली, लंडन, लाहोर. 1965 च्या सप्टेंबरची, भारत-पाक युद्धाची, पानं उघडली की दिल्लीच्या खाली रोज काहीतरी जिंकलेलं, लाहोरच्या खाली पण रोज काहीतरी जिंकलेलं, आणि लंडनच्या रकान्यात बरेचदा अण्णांनी नुसतं 'दोघांचे दावे' असं लिहून सोडलंय. युद्धबंदी 23 सप्टेंबरला झाली.

मग येतं 10 जानेवारी 1966. ताश्कंद. शास्त्रीजी आणि अयूब खान यांनी सही केली, मधे रशियाचे कोसिगिन. दोन्ही सैन्यांनी 25 फेब्रुवारीपर्यंत 5 ऑगस्ट 1965 च्या आधीच्या जागेवर परत जायचं, म्हणजे आपण जिंकलेली हाजीपीर खिंड परत द्यायची. त्याच रात्री शास्त्रीजी गेले. अण्णांच्या वहीत 11 तारखेला तिन्ही रकाने ओलांडून आडवी एकच ओळ आहे, 'शास्त्रीजी गेले.' खाली काही नाही, दोन दिवस पान कोरं.

आता बघा काय झालं. दोन्हीकडच्या जनतेने महिनाभर रेडिओवर विजय ऐकलेला. मग विजय झाला होता तर परत काय द्यायचं? आपल्याकडे महावीर त्यागी यांनी हाजीपीरवरून मंत्रिपदाचा राजीनामा दिला, तिकडे लाहोरला पोरं रस्त्यावर उतरली आणि भुत्तोंनी पुढे त्याच रागावर आपलं राजकारण उभं केलं. करार चांगला की वाईट यावर लोक अजून भांडतात, पण माझं मत पक्कं आहे, की तो करार दोन्ही देशांत कडू लागला त्याचं मोठं कारण आधीच्या बुलेटिनांत आहे. लढाईत रेडिओवर जितकं चढवून सांगाल तितकी तहाची किंमत वाढते, आणि ती किंमत टेबलावर बसलेल्या माणसाला मोजावी लागते.

आणि सह्या करणाऱ्यांना हे ठाऊक होतं हो! ताश्कंदच्या जाहीरनाम्यात स्वतंत्र कलम आहे, की एकमेकांविरुद्धच्या प्रचाराला दोन्ही सरकारं आळा घालतील आणि मैत्री वाढेल अशा प्रचाराला उत्तेजन देतील. 2 जुलै 1972 च्या सिमला करारात पण विरोधी प्रचार थांबवायची गोष्ट आहे. सैन्यमाघार, युद्धकैदी असल्या विषयांच्या पंगतीत रेडिओवरच्या बोलण्याला जागा मिळाली, यावरून समजा.

बीबीसी खरी आणि बाकी सगळे प्रोपगंडा, असं आहे का?

आमच्या इंदूरच्या जुन्या लोकांचा असा विश्वास आहे आणि त्याला कारणही आहे. बीबीसी हिंदी 11 मे 1940 ला सुरू झाली, आणि आणीबाणीत, मग 31 ऑक्टोबर 1984 ला इंदिराजींच्या हत्येच्या वेळी, परदेशी रेडिओवर आधी कळलं आणि आकाशवाणीने संध्याकाळी सांगितलं, हे ज्यांनी अनुभवलं ते विसरत नाहीत. 1991 च्या ऑगस्टमध्ये बंड करणाऱ्यांनी रशियाचे अध्यक्ष गोर्बाचेव्ह यांना क्रिमियातल्या बंगल्यात कोंडून ठेवलं होतं, फोन तोडलेले, तेव्हा त्यांनी पण एका जुन्या सेटवर बीबीसी आणि बाकी परदेशी स्टेशनं ऐकूनच बाहेरचा अंदाज घेतला. एका महासत्तेचा अध्यक्ष आपल्याच देशाची बातमी लंडनहून ऐकतोय.

पण पैसा कुठून येतो हे विचारायचं सोडू नका. बीबीसीच्या वर्ल्ड सर्व्हिसचा खर्च 2014 पर्यंत ब्रिटनचं परराष्ट्र खातं देत होतं. व्हॉइस ऑफ अमेरिका 1942 पासून सरकारीच, तिथे बातमी अचूक आणि दोन्ही बाजूंची असावी असा कायदा 1976 मध्ये करावा लागला. पूर्व युरोपसाठी चालवलेल्या रेडिओ फ्री युरोपला तर सुरुवातीची वीस वर्षं अमेरिकेची गुप्तचर संस्था सीआयए पैसे पुरवत होती आणि ऐकणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. रेडिओ मॉस्को 1929 पासून परदेशी भाषांत बोलत होतं, त्यांचा तर प्रश्नच नाही. आणि आकाशवाणी पण आपल्या सरकारचीच आहे, हे आपण मोकळेपणाने म्हणायला हवं.

सरकारी पैसा आहे म्हणून बातमी खोटीच असते असं मात्र नाही. उलट चांगलं स्टेशन रोज नव्व्याण्णव गोष्टी खऱ्या सांगतं, तेव्हा कुठे शंभरावीवर लोक विश्वास ठेवतात.

शब्दांवरनं बाजू कशी ओळखायची?

काश्मीर घ्या. आकाशवाणी म्हणते पाकव्याप्त काश्मीर. रेडिओ पाकिस्तान त्याच जमिनीला आझाद काश्मीर म्हणतो आणि आपल्याकडच्या भागाला मक़बूज़ा, म्हणजे व्यापलेला. बीबीसी दोन्हीकडे 'प्रशासित' लावते, भारत प्रशासित आणि पाकिस्तान प्रशासित. आपल्या कानाला ते टोचतं, मला पण टोचतं. पण तिकडच्या माणसालाही ते तितकंच टोचतं, हे एकदा लक्षात आलं की तो शब्द का निवडलाय ते कळतं.

भेटीगाठींच्या बातम्यांत विशेषणांकडे कान ठेवा. 'सौहार्दपूर्ण वातावरणात' म्हणजे चहापाणी नीट झालं. 'स्पष्ट आणि मोकळी चर्चा' म्हणजे पटलं नाही आणि बऱ्यापैकी वाजलं. 'चर्चा सुरू ठेवण्यावर एकमत' म्हणजे बाकी कशावर नाही. आणि एक देश 'सहमती झाली' म्हणतो आणि दुसरा त्याच संध्याकाळी 'विचारांची देवाणघेवाण झाली' म्हणतो, तेव्हा दुसऱ्याचं खरं धरा, निदान सहा महिने.

जॅमिंग म्हणजे नक्की काय, आणि त्याचा डिप्लोमसीशी काय संबंध?

ज्या फ्रिक्वेन्सीवर नको असलेलं स्टेशन येतं त्याच फ्रिक्वेन्सीवर आपला ट्रान्समीटर लावून नुसता घरघराट सोडायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला करवतीसारखा आवाज येतो, शब्द कळत नाहीत. रशियाने हे 1948 पासून चाळीस वर्षं केलं आणि त्याला प्रचंड वीज आणि पैसा लागायचा.

मजेची, म्हणजे अभ्यासाची गोष्ट ही की हे जॅमिंगच संबंधांचा थर्मामीटर होतं. 1963 च्या उन्हाळ्यात, हॉटलाइनच्या कराराच्याच दिवसांत, व्हॉइस ऑफ अमेरिका आणि बीबीसीवरचं जॅमिंग थांबलं. ऑगस्ट 1968 मध्ये चेकोस्लोव्हाकियात रणगाडे घुसले, परत सुरू. 1973 मध्ये संबंध सुधारत होते, बंद. 1980 च्या ऑगस्टमध्ये पोलंडमध्ये संप पेटले, परत सुरू. गोर्बाचेव्ह आल्यावर 1987 मध्ये आधी बीबीसीचं, मग व्हॉइस ऑफ अमेरिकेचं थांबलं आणि 1988 च्या शेवटाला रशियासाठीच्या रेडिओ लिबर्टीचं पण. मॉस्कोतल्या माणसाला कुठलंही बुलेटिन न ऐकता, फक्त घरघर आहे की नाही एवढ्यावरनं वारं कुठलं ते कळत असणार. मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते, म्हणून प्रत्येक नवीन पोराला मी ही सांगतोच.

अगदी अलीकडेही हेच झालं. दोन्ही कोरिया सीमेवर लाउडस्पीकर लावून एकमेकांना ऐकवायचे, 2018 मध्ये बोलणी झाली तेव्हा बंद केले, 2024 मध्ये बिघडलं तेव्हा लावले, 2025 च्या जूनमध्ये दक्षिणेने आपणहून बंद केले. चर्चा सुरू करायची इच्छा आहे हे सांगायला त्यांनी आधी भोंगाच बंद केला.

रेडिओमुळे कुणाचं प्रत्यक्ष नुकसान झालंय का?

हो, आणि हे हलक्यात घेऊ नका. 1956 मध्ये हंगेरीत उठाव झाला तेव्हा रेडिओ फ्री युरोपच्या काही कार्यक्रमांनी लोकांना असं वाटायला लावलं की पश्चिमेकडून मदत येतेय. वॉशिंग्टनने असं काही ठरवलेलंच नव्हतं. मदत आली नाही, रणगाडे आले. लढणाऱ्या पोरांनी रेडिओचा आवाज सरकारचा शब्द म्हणून ऐकला, ही त्यांची चूक कशी म्हणायची?

दुसरं कैरोचं. 'अरबांचा आवाज' नावाचं स्टेशन 1953 पासून, सगळ्या अरब देशांत घराघरांत. जून 1967 मध्ये इस्रायलशी युद्ध पेटलं तेव्हा पहिल्याच सकाळी इजिप्तची विमानं जमिनीवरच जळून गेली होती आणि हे स्टेशन शत्रूची विमानं पाडल्याचे आकडे वाढवत वाढवत सांगत होतं. काही दिवसांत खरं कळलं, आणि मग त्या स्टेशनवरचा विश्वास जो गेला तो पूर्वीसारखा कधी परतलाच नाही.

आपल्याकडे पण एक दुखरी जागा आहे. 1962 च्या नोव्हेंबरात, चीनच्या युद्धात, बोमडिला पडल्यावर पंडित नेहरू आकाशवाणीवरून बोलले, आसामच्या लोकांसाठी मन भरून येतंय अशा अर्थाचं. दिल्लीत ती सहानुभूती होती. तेजपूरला, गाव खाली होत असताना, लोकांना तो निरोप वाटला, की आपल्याला सोडून दिलं. साठ वर्षं झाली, आसाममध्ये ते वाक्य अजून काढतात. बोलणाऱ्याच्या मनात काय होतं ते तरंगांवरून जात नाही, ऐकणारा कुठे बसलाय त्यावर सगळं असतं.

भारत पण परदेशात प्रसारण करतो का?

करतो. आकाशवाणीची परदेशी सेवा 1939 च्या ऑक्टोबरमध्ये पश्तू भाषेत सुरू झाली, तेव्हा अर्थात इंग्रज होते आणि जर्मन रेडिओच्या प्रचाराला उत्तर द्यायचं होतं. उर्दू सर्व्हिस 1965 पासूनची. मला वाईट वाटतं की आपल्याकडे या कामाची कदर कमी होत गेली.

खाजगी एफएमवर या बातम्या का नाहीत?

कारण त्यांना स्वतःच्या बातम्या करायची परवानगीच नाही. आकाशवाणीचं बुलेटिन आहे तसं लावता येतं, बस.

पण आता तर ही स्टेशनं बंदच होत चाललीत ना?

होय. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्हवरचं, म्हणजे फार लांबवर पोचणाऱ्या रेडिओ लहरींवरचं, प्रसारण 31 जानेवारी 2020 ला संपलं. अण्णा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, शेवटचं बुलेटिन त्यांनी सेट मांडीवर घेऊन ऐकलं आणि झाल्यावर बराच वेळ बटण बंद केलं नाही, नुसती सू सू ऐकत बसले. बीबीसी अरबीचा रेडिओ 2023 च्या जानेवारीत गेला. 2025 च्या मार्चमध्ये अमेरिकेने व्हॉइस ऑफ अमेरिकेच्या जवळजवळ सगळ्या लोकांना घरी बसवलं, 1942 पासून पहिल्यांदाच तिकडे अशी शांतता पडली.

पण 2022 च्या मार्चमध्ये काय झालं ते पण बघा. रशियाने बीबीसीची वेबसाइट ब्लॉक केली आणि बीबीसीने युक्रेन आणि रशियाच्या काही भागासाठी रोज चार तास शॉर्टवेव्ह परत सुरू केलं. सुदान, गाझा, तिथेही लढाई पेटल्यावर 2023 मध्ये खास रेडिओ सुरू करावे लागले. इंटरनेट एका बटणावर बंद होतं, आयनोस्फिअरवर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर, आपटून येणाऱ्या लहरी अडवायला फार कष्ट पडतात. म्हणून मी म्हणतो की ट्रान्समीटर मोडीत काढताना दहादा विचार करायला हवा, कारण वेळ आली की तो चार दिवसांत उभा राहत नाही.

इंदूरमध्ये ऐकायचं तर काय लागतं?

शॉर्टवेव्ह असलेला साधा सेट, आणि गच्ची. घरात एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर यांचा इतका गोंगाट असतो की काही लागत नाही, म्हणून सेलवर चालवा, चार्जर लावून नको. आठ-दहा मीटर साधी तांब्याची वायर पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत ताणा आणि एरियलला चिमट्याने जोडा, फरक लगेच कळेल. पावसाळ्यात वीज चमकत असेल तर वायर काढून ठेवा. संध्याकाळी 31 आणि 25 मीटरचे बँड चांगले, म्हणजे साधारण साडेनऊ आणि पावणेबारा मेगाहर्ट्झच्या आसपास, रात्र चढली की 49 मीटरवर या. बीबीसीचं इंग्रजी आणि चीनचं प्रसारण बऱ्यापैकी मिळतं. सेट नसेल तर इंटरनेटवर दुसऱ्या देशांतले रिसिव्हर चालवायला मिळतात, पोरं तेच करतात. मराठी बातम्या मात्र आकाशवाणीच्या ॲपवरच.

नवीन माणसाने सुरुवात कशी करायची?

एक वही घ्या, अण्णांसारख्या उभ्या रेघा मारा. एकच भेट निवडा, समजा भारत-चीनची बैठक, आणि त्या संध्याकाळची दोन्हीकडची बुलेटिनं ऐका. बातमी कितवी होती, किती वेळ होती, विशेषण कुठलं, कुणाचं नाव आधी घेतलं आणि कुठला विषय एकाकडे आला, दुसऱ्याकडे नाही, एवढंच लिहा. आपलं मत त्या पानावर लिहू नका, मागच्या पानावर लिहा. टीव्हीवरची चर्चा त्या दिवशी बघू नका. तीन महिन्यांनी वही उघडून बघा.

रविवारी साडेसहाला येऊ शकता, जिना मागच्या बोळातून आहे. स्वतःचा सेट असेल तर सेल नवीन टाकून आणा.